ओक आणि लॅव्हेंडर सोलापुरात लावावं का? वाचकांचे प्रश्न, बागेतली उत्तरं

यावेळी टपालात आणि फोनवर मिळून बरेच प्रश्न आले आणि त्यातले पाच-सहा तर एकाच बाजूचे निघाले, थंड मुलखातली झाडं आपल्याकडं येतील का म्हणून विचारणारे. सगळे एकत्रच घेतलेत. पहिल्या पत्राला उत्तर मोठं दिलंय कारण त्यात बाकीच्यांचीही निम्मी उत्तरं आहेत, तेवढं आधी वाचा.

प्रश्न : ताई नमस्कार. मी विजापूर रोडला राहते, शाळेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. अडीच गुंठ्यांचा प्लॉट आहे, घराभोवती बऱ्यापैकी जागा आहे. मुलगी लंडनजवळ असते, मागच्या वर्षी तिच्याकडं चार महिने राहून आले. तिथं पार्कात ओकची केवढाली झाडं, आणि शेजारणीच्या फाटकापासून दारापर्यंत लॅव्हेंडरची रांग, हात लावला की वास यायचा. आता नातीनं हट्ट धरलाय की आजीच्या अंगणात पण ही दोन्ही पाहिजेत. मुलगी दिवाळीला येताना ओकच्या बिया आणते म्हणतीय. दोन्ही शेजारी शेजारी लावली तर चालेल का? माती-पाणी एकच देऊन होईल का? माती काळी आहे आणि पाणी बोअरचं.

उत्तर : बाई नमस्कार. पत्र दोनदा वाचलं, नातीचा हट्ट आहे म्हटल्यावर नुसतं नाही म्हणून सोडून देणं मला जमणार नाही. पण एका वाफ्यात, एका पाण्यावर ही दोन्ही येणार नाहीत हे पहिलंच सांगते. ही दोन झाडं स्वभावानं इतकी उलटी आहेत की एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष, आणि गंमत अशी की आपल्या सोलापूरच्या मातीत दोन्हींच्या आवडीचं एकेक आणि दोन्हींच्या नावडीचं एकेक असं भरलेलं आहे.

आधी ओकचं बघू. ओक म्हणजे एक झाड नाही, वड-पिंपळ-उंबर जसे एकाच घराण्यातले तसे ओकचे शेकडो प्रकार आहेत. तुम्ही बघितला तो बहुतेक इंग्लिश ओक. आपल्या देशात हिमालयात बांज, मोरू, खरसू अशी नावं असलेले ओक आहेत, त्यातला बांज साधारण १२०० ते २३०० मीटर उंचीवर वाढतो. मी नैनितालला गेले होते तेव्हा पहाटेच्या ओल्या रस्त्यावर बांजचं एक बी उचललं होतं, सुपारीएवढं, खाली वाटीसारखी टोपी, आणि सालीला चीर जाऊन टोकातून पांढरं मूळ बाहेर आलेलं, अजून कोंबाचा पत्ताच नाही. ओकचं सगळं तिथंच कळतं बघा. तो आधी खाली जातो. सोटमूळ खोल सोडतो, वरती चार पानं असतात तेव्हा खाली फूटभर मूळ गेलेलं असतं. म्हणून त्याला खोल, ओल धरून ठेवणारी, वरून पालापाचोळा कुजून भुसभुशीत झालेली, किंचित आंबट माती लागते, म्हणजे पीएच (मातीचा आंबटपणा मोजायचं माप, आकडा जेवढा कमी तेवढी माती आंबट) साधारण ५ ते ६.५ च्या मधली. त्याच्या मुळांवर एक बुरशी राहते, ती झाडाला खनिजं आणि पाणी ओढून देते आणि झाड तिला साखर देतं, असा दोघांचा संसार असतो. त्या बुरशीलाही तो कुजलेला ओला पालापाचोळा मानवतो.

लॅव्हेंडरचं घराणं वेगळं, ते आपल्या तुळशी-पुदिन्याचं. आणि माहेर भूमध्य समुद्राकाठचे दगडधोंड्याचे डोंगरउतार. फ्रान्सच्या प्रोव्हान्समधली जांभळी शेतं फोटोत सगळ्यांनी बघितलीत, पण फोटो बघताना नजर फुलावरच राहते, खालची जमीन कुणी बघत नाही. ती पांढरट, चुनखडीची, खड्यांनी भरलेली जमीन असते, आपल्याकडं कुणी फुकट दिली तरी घेणार नाही अशी. लॅव्हेंडरला तीच पाहिजे. पीएच ६.५ ते ८, अन्न कमी, पाणी पडलं की लगेच निचरून जाणारं, वरून दिवसभर ऊन आणि हवा कोरडी. मुळं वरवरच पसरतात आणि त्यांना पाण्यापेक्षा हवा जास्त लागते. मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असली की शेतकरी वाफसा म्हणतात ना, लॅव्हेंडर वाफशाच्याही जरा कोरड्या बाजूला खूश असतं.

आता तुमच्या अंगणाकडं या. दोन गोष्टी घरीच करून बघा, कुठं लॅबला जायला नको. एक म्हणजे चमचाभर माती उन्हात वाळवून बशीत घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका, नसेल तर लिंबू पिळा. बारीक फेस आला, कानाजवळ नेल्यावर सूं असा आवाज आला की समजा चुनखडी आहे. सोलापूरच्या काळ्या मातीत तो बहुतेक येतोच, खणताना पांढरे खडे दिसतात ते त्याचेच. दुसरं, फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरा, ते जिरलं की पुन्हा भरा आणि घड्याळ बघा. दुसरं पाणी तीन-चार तासांत गेलं तर निचरा चांगला, आणि सकाळीही खड्ड्यात पाणी दिसलं तर ती चिकण काळी जमीन आहे, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी.

तर आपल्या मातीचे हे दोन गुण, चुनखडी आणि चिकटपणा. लॅव्हेंडरला चुनखडी आवडते पण चिकटपणानं ते मरतं. ओकचं बरोबर उलटं. इंग्लिश ओक जड चिकण मातीतसुद्धा चांगला वाढतो, तिकडं कितीतरी ओक तसल्याच जमिनीत उभे आहेत, पण चुनखडी जास्त झाली की बऱ्याच ओकांना मातीतलं लोह घेता येत नाही, पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधलं सगळं पिवळं पडतं. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळं झाडाला ते उचलता येत नाही. वरून बोअरचं जड पाणी रोज घातलं तर तो चुना वाढतच जातो. हिराकस, गंधक टाकून पान थोडे दिवस हिरवं करता येतं, पण पूर्ण अंगणाची माती जन्मभर आंबट ठेवणं कुणाच्याच हातात नाही.

मातीचं तरी काही करता येतं, हवेचं काय करणार? तुम्ही लंडनला राहून आलात म्हणून एक गोष्ट सांगते, वर्षाचा पाऊस लंडनला आणि सोलापूरला जवळपास सारखाच आहे, ६०० मिलिमीटरच्या आसपास. ऐकून खरं वाटत नाही ना? पण तिकडं तो बाराही महिने थोडा थोडा पडतो आणि ऊन इतकं कोवळं की पडलेलं पाणी जमिनीत राहतं. आपल्याकडं सगळा पाऊस चार महिन्यांत, त्यातही सप्टेंबरला जोर, आणि मग एप्रिल-मेला पारा ४० च्या वर गेला की जमिनीतली ओल हवा ओढून घेते. ओकला त्या उन्हात सावली देणारं, पाणी देणारं कुणी नसतं. आणि थंडी हे तर त्याचं घड्याळच आहे, पानं गाळायची कधी आणि कोंब फोडायचे कधी हे तो थंडीवरून ठरवतो. आपल्याकडं जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आपण स्वेटर घालतो ती थंडी त्याच्या हिशेबात थंडीच नाही.

लॅव्हेंडरला ऊन चालतं, कोरडेपणा चालतो, चुना चालतो, पण त्याच्या माहेरी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडं गरम आणि ओलं एकदमच येतं, जुलै-ऑगस्टचे ते दमट ढगाळ दिवस. तिथंच ते खचतं. मुळाला बुरशी लागते आणि आठ दिवसांत झाड संपतं. तरी कोकणापेक्षा आपण नशीबवान, आपला पाऊस कमी आहे आणि मधे मधे उघडीप असते.

जागेचा हिशेब पण करा. अडीच गुंठे म्हणजे सुमारे २७०० चौरस फूट, प्लॉट चौकोनी धरला तर एक बाजू ५२ फूट. पूर्ण वाढलेल्या इंग्लिश ओकचा घेर २० मीटर, म्हणजे ६५ फुटांपर्यंत जातो. अख्खा प्लॉट त्याच्याखाली. आणि पहिली बी धरायला त्याला साधारण ४० वर्षं लागतात. लॅव्हेंडर दोन-अडीच फुटांचं झुडूप, दोन रोपांत दोन फूट सोडले की झालं, दुसऱ्या वर्षापासून फुलतं आणि चांगलं ठेवलं तर तिकडं दहा-बारा वर्षं टिकतं. समजा दोन्ही वाढलीच, तरी ओकच्या सावलीत लॅव्हेंडर राहणार नाही, त्याला दिवसाचं सहा-आठ तास ऊन लागतंच.

बियांचं मात्र मुलीला आजच फोन करून सांगा, आणू नको म्हणून. बाहेरच्या देशातून बी किंवा रोप आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आधी परवाना लागतो आणि तिकडच्या सरकारचा झाड निरोगी असल्याचा दाखला लागतो. बॅगेतून आणलेल्या चार बियांबरोबर तिकडचा एखादा रोग इकडं आला तर तो आपल्या अंगणात थांबत नाही. शिवाय ओकचं बी वाळलं की मेलं, ज्वारी-तुरीसारखं डब्यात भरून ठेवता येत नाही, त्यामुळं प्रवासात ते निम्मं मरूनच येणार.

म्हणून माझं स्पष्ट मत, ओकचा नाद सोडा आणि लॅव्हेंडरचा धरा, पण त्याच्या अटींवर. कंपाउंडच्या पूर्वेला सकाळचं ऊन येतं तिथं एक-दीड फूट उंच गादीवाफा बांधा, जमिनीत खड्डा घेऊन लावू नका, कारण काळ्या मातीतला खड्डा म्हणजे पाण्याची टाकीच. वाफ्यात दोन घमेली मुरूम, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं माती आणि अर्ध्याहून कमी घमेलं जुनं कुजलेलं शेणखत असं प्रमाण ठेवा. झाडाला आळं करायचं नाही, उलट बुंध्याशी माती उंच आणि कडेला उतार. वरून दोन बोटं पांढरी खडी पसरा, त्यानं बुंधा कोरडा राहतो. लावायची वेळ म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधे, पाऊस संपल्यावर. पाणी बोट घालून बघून, दोन इंच खालपर्यंत कोरडं लागलं तरच. मार्चनंतर दुपारी ग्रीन नेट. पावसाळ्यात वर पारदर्शक पत्रा किंवा प्लॅस्टिक, बाजूनं वारा मोकळा.

माझ्या गच्चीवर पहिल्या वर्षी मी तीन रोपं आणली होती आणि प्रेमानं भरपूर शेणखत घातलं, तर दोन रोपं लांबलचक वाढून आडवी झाली, वास जवळपास नाही, आणि ऑगस्टात गेली. तिसरं एका फुटक्या मातीच्या कुंडीत नुसत्या मुरमात होतं, त्याला मी विसरलेच होते, ते जानेवारीत फुललं. तेव्हापासून मी लॅव्हेंडरला खत हातचं राखूनच घालते.

आणि ओकच्या जागी? नातीला सोबत घेऊन चिंचेचं रोप लावा, फाटकापासून लांब, घराच्या भिंतीपासून वीस फूट तरी सोडून. चिंच आपल्या चुनखडीत वाढते, ताण सोसते, शंभर वर्षं सहज राहते आणि सावलीही ओकसारखीच दाट. तेवढी जागा सुटत नसेल तर बहावा, तो लहान आहे आणि एप्रिल-मेला पिवळा पिवळा होतो.

प्रश्न : मॅडम, मी जुळे सोलापूरला राहतो, फ्लॅटच्या बाल्कनीत नर्सरीतनं आणलेलं लॅव्हेंडर आहे. जूनपर्यंत मस्त होतं आता ऑगस्टात पानं करडी पडून खालनं काळी व्हायलीत, मान टाकलीय. रोज पाणी घालतोय तरी सुकायलंय. काय करू?

उत्तर : दादा, आधी पाणी थांबवा. मुळं कुजली की झाड पाणी ओढू शकत नाही म्हणून वरनं ते तहानलेलं दिसतं आणि आपण अजून पाणी घालतो, बहुतेक लॅव्हेंडर याच चुकीत जातात. कुंडीतून हलक्या हातानं काढा आणि मुळं बघा. पांढरी-पिवळसर आणि कडक असतील तर आशा आहे, तपकिरी, बोटानं ओढल्यावर साल हातात येणारी आणि कुबट वासाची असतील तर ते झाड वाचत नाही.

पण वरच्या टोकाला हिरवे शेंडे असतील तर ते आजच कापून घ्या, फूल नसलेले, तीन-चार इंचांचे. खालची निम्मी पानं काढा, जाड वाळूत खोचा, सावलीत ठेवा, वाळू ओलसर ठेवा पण चिखल नको. महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात. पाचातली दोन लागली तरी भरपूर. पुढच्या वेळेला प्लॅस्टिकची कुंडी नको, मातीची घ्या, तिच्या अंगातून पाणी उडून जातं. आणि खालच्या बशीत पाणी साठू देऊ नका, बशीच काढून टाका.

नर्सरीत गेलात तर पानाची कड बघा. काही लॅव्हेंडरच्या पानाला करवतीसारखे बारीक दाते असतात, तो प्रकार आपल्या उष्ण हवेला बाकीच्यांपेक्षा जास्त तग धरतो. वास थोडा कापरासारखा आहे, प्रोव्हान्सच्या लॅव्हेंडरसारखा गोड नाही, पण जगतो. फुलं झाली की एक तृतीयांश छाटायचं, मात्र हिरवी पानं जिथं संपतात त्याच्या खाली कात्री नेऊ नका, जुन्या लाकडाला पुन्हा फूट येत नाही.

प्रश्न : नमस्कार, सांगोला तालुक्यात आमचं पाच एकर मुरमाड रान आहे, तीन एकर डाळिंब होतं ते मर रोगानं गेलं. एक जण येऊन सांगून गेला की लॅव्हेंडर लावा, काश्मिरात शेतकरी लाखो कमवायलेत, रोपं मी देतो, तेल मीच उचलतो. एकरी रोपाचे पैसे आधी मागतोय. करावं का?

उत्तर : भाऊ, पैसे देऊ नका. हे मी खूप काळजीनं लिहितेय, कारण डाळिंबाचा फटका बसलेल्या माणसाला असलं काही ऐकलं की धीर निघत नाही.

जम्मूची गोष्ट खरी आहे. डोडा जिल्ह्यात भदरवाहला मक्याची शेती करणारे बरेच शेतकरी लॅव्हेंडरकडं वळले, सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या जम्मूतल्या संस्थेनं त्यांना रोपं दिली, तेल काढायची यंत्रं बसवून दिली, अरोमा मिशन नावाची योजना आहे, लोक त्याला जांभळी क्रांती म्हणतात. पण भदरवाह १६०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथं हिवाळ्यात बर्फ पडतं. तेलाचं जे चांगलं लॅव्हेंडर आहे त्याला भरपूर फुलायला ती थंडी लागते. तुमचं रान जमिनीच्या बाजूनं बघितलं तर लॅव्हेंडरच्या जवळचं आहे, मुरमाड, निचऱ्याचं, चुनखडीचं, डाळिंबाला जे आवडतं तेच. विजापूर रोडच्या बाईंच्या काळ्या मातीपेक्षा तुमची जमीन दहापट बरी. पण थंडी कुठनं आणणार? झाड जगेलही, पण फुलाचं उत्पन्न आणि तेल यांच्यावर एकराचा हिशेब बसत नाही.

डाळिंबाला आपण पाणी तोडून ताण देतो आणि मग बहार धरतो, तसं लॅव्हेंडरला नुसता पाण्याचा ताण देऊन काम भागत नाही, त्याला थंडीचा ताण लागतो, हा फरक डोक्यात ठेवा म्हणजे पुढच्या माणसालाही तुम्हीच समजावून सांगाल. सुगंधी पिकातच जायचं असेल तर गवती चहा, पामारोजा (रोशा गवत) ही उष्ण हवेची पिकं आहेत, पण त्यातही आधी ऊर्ध्वपातनाचं, म्हणजे वाफेवर तेल काढायचं, युनिट किती लांब आहे आणि तेल घेणारा कोण आहे हे लेखी बघा, मगच नांगर घाला. आणि मर रोगाबद्दल केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात माती आणि मुळाचा नमुना घेऊन जा, आपल्याच जिल्ह्यात देशाचं केंद्र आहे, त्याचा उपयोग करून घ्या. जिथली झाडं मेली तिथं लगेच पुन्हा डाळिंब लावू नका.

प्रश्न : आम्ही अक्कलकोट रोडला नवीन घराभोवती ओकची दहा झाडं लावलीत, नर्सरीवाल्यानं ओक म्हणूनच दिली. चार वर्षांत पंधरा फूट झाली. तुम्ही मागं कुठंतरी म्हणालात की ओक आपल्याकडं येत नाही, मग ही कशी आली?

उत्तर : कारण ती ओक नाहीत. ते सिल्व्हर ओक, ऑस्ट्रेलियाचं झाड, नावात ओक आहे एवढाच संबंध, घराणं पूर्ण वेगळं. लाकडाच्या रेषा ओकसारख्या दिसतात म्हणून ते नाव पडलं. पान उलटं करून बघा, वरून हिरवं आणि नेच्यासारखं कातरलेलं, खालून रुपेरी. याला सुपारीसारखं बी कधीच येणार नाही, नारिंगी-पिवळी, ब्रशसारखी फुलं येतील आणि त्यात मध इतका असतो की पाखरं सोडत नाहीत. निलगिरीत चहाच्या आणि कुर्गला कॉफीच्या मळ्यात सावलीला हीच झाडं लावतात, कॉफीत तर त्यांच्यावर मिरीचे वेल चढवतात.

झाड चांगलं आहे, वाईट वाटून घेऊ नका. फक्त दोन गोष्टी. फांदी ठिसूळ असते, वळवाच्या वाऱ्यात काडकन मोडते, तेव्हा विजेच्या तारांच्या आणि गाडी लावायच्या जागेच्या वरची असतील ती आत्ताच छाटून घ्या. आणि सुपर फॉस्फेटसारखं स्फुरदाचं खत घालू नका, या झाडाची मुळं मुळातच कमी स्फुरदाच्या जमिनीसाठी घडलेली आहेत, जास्त झालं की त्यालाच त्रास. बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका. बस.

प्रश्न : ऑनलाइन लॅव्हेंडरच्या शंभर बिया मागवल्या, दोनदा पेरल्या, एकही उगवली नाही. बी खराब होतं का?

उत्तर : असू शकतं, पण लॅव्हेंडरचं ताजं बीसुद्धा हट्टी असतं. ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून, डबीत घालून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात तीन-चार आठवडे ठेवावं लागतं, मग नोव्हेंबरात वाळू-कोकोपीटवर पसरून नुसतं दाबायचं, वर माती टाकायची नाही कारण त्याला उजेड लागतो. तरी उगवायला दोन ते चार आठवडे, आणि सगळं उगवत नाहीच. सरळ रोप आणा किंवा कुणाकडून शेंडा मागून घ्या. घरात वास हवा एवढंच असेल तर मरवा आणि दवणा लावा, चैत्रात देवाला वाहतो तो दवणा, बोटात चुरडला की लॅव्हेंडरची आठवण येणार नाही असा वास आहे.

प्रश्न : ताई मी अकरावीत आहे. ऑक्टोबरात आमच्या गावाजवळच्या माळावर मित्रांबरोबर पक्षी बघायला गेलो होतो, तिथं मुरमाच्या उतारावर गवतात फूटभर उंचीची झाडं दिसली, दांडी सरळ, वरती फिक्कट निळसर फुलांचं कणीस, पान पिसासारखं. फोटो पाठवलाय. फोनमधल्या अ‍ॅपनं लॅव्हेंडर सांगितलं. घरचे हसले. अ‍ॅप चुकलं ना?

उत्तर : बाळा, अ‍ॅप बरोबर आहे. आणि तुझा फोटो आलेल्या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त आवडला. ती घोडेघुई. आपल्या दख्खनच्या कोरड्या माळांवर आपोआप उगवणारं लॅव्हेंडर, त्याच कुळातलं, लॅव्हेंडुला बायपिनाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. बायपिनाटा म्हणजे दोनदा कातरलेलं पान, तू जे पिसासारखं म्हणालास ना ते. प्रोव्हान्सच्या लॅव्हेंडरसारखं ते अनेक वर्षांचं झुडूप नाही, पावसात उगवतं, पावसाळा सरताना फुलतं, बी टाकतं आणि वाळून जातं. सुगंध त्या मानानं कमी. पण बघ, आपला ऑगस्टचा दमट पाऊस त्यानं पचवलाय, मे महिन्याचं ऊन तर ते बी होऊन मातीतच झोपून काढतं, आणि जमीन तीच निवडली, मुरमाची, उताराची, पाणी न थांबणारी.

फुलाजवळ जाऊन बघ पुढच्या वेळेला. फुलाला दोन ओठ असतात, वरचा आणि खालचा, आणि दांडी बोटात धरून फिरवली तर गोल नाही, चौकोनी लागते, तुळशीची लागते तशीच, घरी तुळशीशी ताडून बघ. विजापूर रोडच्या बाईंच्या नातीलाही हे सांगावं असं मला वाटलं, तिला लंडनचं लॅव्हेंडर माहीत आहे पण सोलापूरचं नाही.

उपटून आणू नको, कुंडीत लावायला तर अजिबात नको. ज्या माळावर तू गेलास तिथं गुरं फिरतात, वणवे लागतात, कुठं कुठं मुरूम उचलायला जेसीबी येतात, त्यामुळं तिथलं एकेक रोप महत्त्वाचं. डिसेंबरात पुन्हा जा, कणसं वाळून तपकिरी झालेली असतील. दोन-चार कणसं हलक्या हातानं तळव्यावर झटक, बारीक काळपट बी पडेल, नीट बघ, फोटो काढ, आणि तिथंच त्या उतारावर पसरून ये.